त्या डबीला खाकरता येत नाही

मी कुणाचं बोलणं चोरलेलं नाही. हे सगळ्यात आधी लिहितो, कारण मळवलीपासून पार कामशेतच्या बाजारापर्यंत काही लोक वेगळंच बोलत फिरतात. बबननं पोरीची नोकरी घालवली म्हणतात. घालवली, हे खरं आहे. पण कशी घालवली ते त्यांना ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे ते गप्प बसलेत. म्हणून दिवाळी अंकवाल्यांनी ‘आबा, तुमच्या कामाच्या आठवणी लिहा’ म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं. माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन तुम्ही बघा, पण शब्द माझे राहू द्या. माझ्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घालायचा उद्योग एकदा झालेला आहे, तो खाली येईल.

माझं काम बंगले सांभाळायचं. तीस वर्षं तेच केलं. शहरातल्या माणसाला वाटतं, राखणदार म्हणजे फाटक उघडायचं, सलाम ठोकायचा आणि आंब्याखाली झोपायचं. त्यांनी एक पावसाळा आमच्याकडे काढावा. भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. गाद्या उन्हात टाकाव्यात तर ऊन नाही, म्हणून त्या चार महिने उभ्या करून ठेवायच्या. कपाटात बल्ब पेटता ठेवायचा, नाहीतर कपड्यांवर हिरवी बुरशी चढते. कुलपात तेल सोडायचं. टाकीत बेडूक, न्हाणीत धामण, आणि पाहुणे दारात उभे राहून विचारणार, ‘नेटवर्क कुठे येतं?’

पण हे सगळं कुणीही शिकेल. खरं काम मला शिकवलं इस्माईलभाईंनी. ते कामशेतचे, माझ्या आधी त्या बंगल्यावर स्वयंपाकाला आणि राखणीला होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बंगल्याच्या कोपऱ्यावर उभं केलं आणि म्हणाले, “हितं आलास की खाकरायचं. मग थांबायचं. आतलं बोलणं थांबलं की मग पुढं व्हायचं. आपल्याला त्यांचं ऐकू येतंय, हे त्यांना आधी कळलं पायजे.”

मी म्हटलं, “आन् खाकराय इसरलो तर?”

“तर तू राखणदार न्हाईस, चोर हाईस. चोर बी बिनआवाजाचाच येतो.”

एवढंच. तीस वर्षं मी त्या कोपऱ्यावर खाकरत आलो. एक नवरा-बायको दर वर्षी यायचे ते जणू भांडायलाच. मी खाकरलो की बाई लगेच “वांगी ताजी आहेत का हो आबा?” म्हणायच्या. मी मागं वळलो की पुन्हा सुरू. मी कधी कुणाला सांगितलं नाही की कशावरून भांडतात. एकदा एक बाई एकटीच आली आणि विचारलं, “गेल्या आठवड्यात माझे मिस्टर इथे कुणाबरोबर आले होते?” मी म्हटलं, “बाई, आमी फक्त चादरी मोजतो.” ती पायरीवर बसून रडली आणि निघून गेली. ते मला अजून टोचतं. पण सांगितलं असतं तरी टोचलंच असतं. बंगल्यातलं बंगल्यात, ही माझी कमाई. दुसरी काही कमाई माझ्याकडे नाही.

मग मालकानं बंगला एका मोठ्या कंप्युटर कंपनीला वर्षाच्या करारानं दिला. कंपनीचं नाव लिहीत नाही. आलेल्याचं नाव बाहेर काढायचं नाही ही माझी सवय आहे. कंपनीसाठीसुद्धा ती मोडणार नाही.

दर पंधरवड्याला पोरापोरींची एक टोळी यायची. दोन-तीन दिवस राहायची, भिंतीला रंगीत चिठ्ठ्या चिकटवायची, दिवसभर त्या चिठ्ठ्यांपुढं उभं राहून बोलायची. पोरं हुशार, त्यात शंका नाही. आमच्या पंपाचा स्टार्टर वायरमननं तीनदा उघडून सोडून दिलेला. त्यांच्यातला एक चष्मेवाला पोरगा बूट काढून चिखलात बसला, बॅटरी दातात धरली आणि तासाभरात पंप चालू करून दिला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला आणि त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं, घरी कुणी गेलं. घरी कुणी गेलं नव्हतं. साहेबांचा फोन होता.

साहेब म्हणजे समीर. मी साहेब म्हटलं की म्हणायचा, “आबा, साहेब नाही, नुसतं समीर. आमच्याकडे सगळे सारखे. आपण एक कुटुंब आहोत.” पोरंही त्याला समीर समीर म्हणायची आणि तो आला की खुर्चीत सरळ व्हायची. मी साहेबांच्या हाताखाली काम केलेलं आहे, शिव्या देणाऱ्या साहेबांच्या हाताखालीसुद्धा. तसला साहेब आला की कळायचं तरी. हा हसत यायचा.

त्या टोळीत प्रज्ञा होती. आमच्याच बाजूची, कामशेतच्या अलीकडची. वडील देहूरोडच्या डेपोतून रिटायर झालेले. दुपारी जेवण झालं की समीर सगळ्यांना हिरवळीवर काढायचा, डोळ्यांना फडकी बांधून एकमेकांच्या भरवशावर चालायचा खेळ खेळायला. भरवसा वाढावा म्हणून. प्रज्ञा डोकं दुखतंय म्हणून सटकली आणि मागच्या पडवीत आली. आमची मंडळी, हिरा, भाकरी थापत होती. पोरीनं न विचारता पाट ओढला.

“मावशी, एक भाकरी मला. आत नुसता पास्ता आहे.”

हिरा म्हणाली, “तुजं डोकं दुकतंय ना?”

“भाकरी पोटात गेली की राहील.”

अशी पोरगी. मी विचारलं, “तू काय काम करती गं तितं?”

“मशीनला मराठी शिकवते, आबा.”

“मग आमच्या मास्तरापेक्षा बरी. त्याला मला शिकवाय जमलं न्हाई.”

ती हसली. मग भाकरीचा तुकडा मोडला. म्हणाली, लोक घरात बोलणारी डबी ठेवतात. तिला गाणं सांगायचं, पाऊस विचारायचा. ती डबी नको तेव्हाही ऐकते. त्यातलं थोडं थोडं बोलणं कंपनीत येतं आणि ती कानात भोंगा घालून ते ऐकते, मशीनला शब्द बरोबर कळला का ते तपासते.

“लोकांस्नी ठाव हाय?”

“कुठल्या तरी कागदात लिहिलेलं असतं. कोण वाचतं? गेल्या महिन्यात एक आजी होत्या आबा, आपल्याच बोलीच्या. घरात एकट्या. नवऱ्याच्या फोटोशी बोलत होत्या. ‘कुटं गेलात ओ मला टाकून’ म्हणाल्या. मशीनला ‘कुटं’ कळलं नाही, म्हणून ते माझ्याकडे आलं. मी पाच वेळा ऐकलं, शब्द लिहिला आणि पुढे पाठवलं.”

हिराचा हात थांबला. तव्यावर भाकरी जळाली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

मी तिला इस्माईलभाईंचं सांगितलं. कोपरा, खाकरणं, थांबणं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, “मी रोज त्या कोपऱ्यावर उभी असते, आबा. पण मला खाकरता येत नाही.”

मग तिनं मला विचारलं. हे मी कितीदा आठवलंय ते मला विचारू नका. पडवीभर बघत म्हणाली, “इथे बोललं तर चालेल ना? हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात त्यांच्या डब्या आहेत, दारावर तसं चिकटवलंय.”

मी म्हटलं, “हितं कोन ऐकतंय? हितं मी, ही, आन् मोती कुत्रं. बिनघोर बोल.”

ती बोलली. आम्ही तिघं-चौघं मिळून सगळ्यात वरच्या साहेबांना लिहिणार आहोत म्हणाली, की हे थांबवा, निदान लोकांना धड सांगा. समीरला विचारलं तर तो म्हणतो, आधी तुझा नंबर बघ. मी विचारलं, कसला नंबर? तर त्यांच्यात वर्षाच्या शेवटी प्रत्येक टोळीतल्या एकाला खालचा नंबर द्यावाच लागतो. सगळ्यांनी चांगलं काम केलं तरी. खालचा नंबर दोनदा आला की घरी.

मी भात लावणारा माणूस. वाफ्यात सगळी रोपं चांगली आली तर एक उपटून बांधावर फेकायचं, असं मी कधी ऐकलं नाही. अशानं उरलेली रोपं जोमानं वाढत नाहीत. शेजारचं कधी उपटतात तेवढंच बघत बसतात. एवढी हुशार पोरं, आणि त्यांची निम्मी हुशारी एकमेकांपासून जपण्यात जाते. हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल त्याला एक दिवस माझ्याकडे चिखलणीला पाठवा.

ती टोळी गेली. बारा-पंधरा दिवसांनी प्रज्ञा एकटीच आली, स्कूटरवर. पाऊस होता आणि तिनं रेनकोट घातलेला नव्हता. मला वाटलं, भाकरी खायला आली.

“आबा, तुम्ही समीरला काय सांगितलं?”

“काय सांगितलं?”

“मला काढलं. कंपनीच्या आतल्या गोष्टी बाहेरच्या माणसांना सांगितल्या म्हणून. त्यानं माझंच बोलणं मला वाचून दाखवलं, शब्दाला शब्द. आजीचं. पत्राचं. ‘मला खाकरता येत नाही’, हेसुद्धा! हे मी जगात फक्त तुम्हाला आणि मावशीला बोलले होते.”

मी म्हटलं, “पोरी, माज्या लेकरांची आन घेतो…”

“आन नका घेऊ. खरं सांगा.”

हिरा चहा घेऊन आली. पोरीनं कपाकडे बघितलं नाही. मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली. चादर मळकी म्हणून खाल्ली, पाणी गार म्हणून खाल्ली. पण बंगल्यातलं बाहेर काढलंस, असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मी तावातावानं बोलायला लागलो. माझ्या तोंडावर म्हणतेस, तुझ्या बापाच्या वयाचा माणूस, तीस वर्षं… आणि तेवढ्यात कोनाड्यातून टिंग वाजलं.

पुढच्या खोलीतल्या पाहुण्याला पाणी हवं होतं.

प्रज्ञा उठली. कोनाड्याजवळ गेली. माझा पंचा उचलला. त्याच्या खाली प्लास्टिकची पिशवी, पिशवीत डबी. पांढरी, गोल, डोक्यावर निळा उजेड.

“हे इथे कुणी ठेवलं?”

“मी,” मी म्हटलं.

आता सांगतो. ती टोळी यायच्या आधी समीरनं मला ती डबी दिली होती. म्हणाला, “आबा, ही बेल. पाहुण्यांना काही हवं असलं की वाजेल. स्वयंपाकघरात लावा.” मी लावली. पण मी बसतो मागच्या पडवीत, आणि माझा डावा कान गेलेला आहे. दोनदा बेल वाजली, मला कळलं नाही, पाहुणा ताटकळला. माझ्या हातून पाहुणा ताटकळतो म्हणजे काय? म्हणून मी ती काढली आणि मिक्सरच्या प्लगात, माझ्या उजव्या कानाशी कोनाड्यात लावली. ओल लागून बिघडायला नको म्हणून पिशवीत घातली, वर पंचा टाकला. कपाटात बल्ब ठेवणारा माणूस मी, वस्तू जपायची मला सवय. दारावरची चिठ्ठी इंग्रजीत. ती कशाची हे मला कुणी सांगितलं नाही, आणि प्रज्ञानं त्या दिवशी डब्यांचं नाव काढलं तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही की बेल म्हणजेच डबी. मला बेल म्हणून दिली, मी बेल म्हणून ठेवली.

मी हे सगळं तिला सांगितलं. ती ती डबी हातात घेऊन उभी होती. म्हणाली, “हिला मराठी मीच शिकवलंय, आबा.”

आणि गेली. चहा तसाच.

मी डबीची वायर ओढून काढली. पाहुण्याला पाणी नेऊन दिलं. काम ते काम. पण त्या दिवसाचा राग माझा अजून गेलेला नाही. इतकी माणसं आली, प्यायलेली आली, माजलेली आली, एकानं मला पायातला बूट फेकून मारला. कुणी मला माझ्याच हातानं चोर केलं नव्हतं. ह्यांनी केलं, आणि तेही बेल म्हणून.

चार दिवसांनी समीर आला. हिराला काजूकतलीचा डबा दिला, मला म्हणाला, “आबा, एक छोटंसं काम आहे, एक सही हवी. आधी जरा पाणी आणा.” मी पाणी घेऊन पुढच्या व्हरांड्याकडे निघालो. कोपऱ्यावर आलो. तो फोनवर बोलत होता.

खाकर माझ्या गळ्यापर्यंत आली होती. ती मी गिळली.

तीस वर्षांत एकदाच. तांब्या हातात घेऊन मी भिंतीला लागून उभा राहिलो आणि ऐकलं. तो म्हणत होता, “अरे, ती वकिलाकडे गेलीय. पडवीत डिव्हाइस आहे हे तिला कुणी सांगितलं होतं का, एवढाच प्रश्न आहे. केअरटेकरनं सगळ्यांना तोंडी सांगितलं होतं, असं लिहून आणलंय. म्हातारा सही करेल. वाचता येत नाही त्याला. एकदा सही झाली की तिला काही करता येणार नाही.”

फोन ठेवल्यावर मी खाकरलो.

तो दचकला. “अरे आबा! कधी आलात?”

“मगाचाच हाय. समदं ऐकलं. तुमी वकिलाचं म्हनला, सहीचं म्हनला, आन् म्हाताऱ्याला वाचता येत न्हाई म्हनला. हे ऐकलं ते तुमाला तोंडावर सांगतो. हे पानी.”

त्याचा चेहरा पडला, पण अशा लोकांचा चेहरा फार वेळ पडत नाही. तो हसला. “आबा, गैरसमज होतोय. कागद साधा आहे.”

“द्या की मग. बगू.”

मी चष्मा आणला. खुर्ची ओढली. आणि मोठ्यानं वाचायला लागलो, अक्षर अक्षर लावून. ‘मी… खाली… सही… करणार… लिहून… देतो… की…’ तो पायावर पाय घालून बसला, मग पाय हलवायला लागला, मग घड्याळ बघायला लागला. मी घाई केली नाही. एक ओळ चुकली म्हणून परत वरून वाचली. हिरा दारात येऊन उभी राहिली. ‘पडवीतील… यंत्राची… माहिती… मी… सर्व… पाहुण्यांना… दिली… होती.’

“पेन द्या,” मी म्हटलं.

त्यानं लगेच दिलं. चांगलं जड पेन होतं.

मी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला माझ्या अक्षरात लिहिलं. जे लिहिलं ते इथं देतो, कारण ते मला पाठ आहे. ‘डबी पडवीत मी ठेवली. मला ती बेल म्हणून दिली. ती ऐकते हे मला कोणी सांगितले नाही. मी कोणा पाहुण्याला सांगितले नाही. प्रज्ञाने विचारले तेव्हा इथे कोणी ऐकत नाही असे मीच सांगितले.’ खाली सही, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

“आबा, तुम्ही कागद खराब केलात!” त्यानं हात पुढे केला.

मी घडी घालून बंडीत ठेवला. “ह्यो आता माजा. अक्षर माजं हाय.”

“तुमची नोकरी आहे इथे. मागची खोली आहे. विचार करा. आपण एक कुटुंब आहोत, आबा.”

“कुटुंबातला मानूस पडवीत आला की खाकरतो, सायेब. तुमी डबी ठिवली.”

हिरानं काजूकतलीचा डबा आणून त्याच्या गाडीच्या टपावर ठेवला. न उघडलेला. आणि आत जाऊन भांडी बांधायला लागली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिला नंतर विचारलं तर म्हणाली, “तुमी चष्मा आनला तवाच कळलं, आता खोली सोडाया लागतीया.”

दुसऱ्या दिवशी कामशेतला उतरून प्रज्ञाच्या घरी गेलो. दारात खाकरलो. आतून तिच्या आईचा आवाज आला, कोण आहे? मी नाव सांगितलं तर बराच वेळ कुणी आलं नाही. मग पोरगी आली. मी कागद दिला. तिनं आधी छापील बाजू वाचली, मग माझी. दोनदा वाचली.

“वकिलांसमोर सांगाल?”

“कुटं बी सांगीन.”

“तुम्ही मला बिनघोर बोल म्हणाला होतात, आबा.”

“व्हय.”

“ते मी विसरणार नाही.”

“नगं इसरू,” मी म्हटलं.

चहा मिळाला. तिच्या आईनं दिला, तिनं नाही. मला तेवढा पुरे. माफी मागायला गेलो नव्हतो, कागद द्यायला गेलो होतो. तिचं प्रकरण अजून चालू आहे. दोनदा मला बोलावलं, मी गेलो, जे लिहिलं तेच सांगितलं. समोरच्या वकिलानं विचारलं, “तुमचं शिक्षण किती?” मी म्हटलं, “वाचाय-लिवाय पुरेल एवडं.” तिच्याबरोबर पत्र लिहिणारे बाकीचे कुणी आले नाहीत. तो पंप दुरुस्त करणारा पोरगा त्यांच्यातलाच होता, असं नंतर कळलं. त्याच्यावर मी रागावत नाही. त्याचा चेहरा मी फोन वाजताना बघितलेला आहे. रागावतो ते त्याला असं करून ठेवणाऱ्यांवर.

आता मी आणि हिरा दुसऱ्या एका बंगल्यावर आहोत, पलीकडच्या अंगाला. मालक साधा माणूस. पहिल्या दिवशी मी त्याला विचारलं, “हितं ऐकनारं-बगनारं काय काय हाय ते आधी दाखवा.” तो चक्रावला. चोराच्या भीतीनं व्हरांड्यात एक कॅमेरा बसवलाय म्हणाला, आणि त्याला ऐकूही येतं. काढा म्हटलं तर काढत नाही. म्हणून पाहुणे त्याच्याखाली खुर्च्या टाकून गप्पांना बसले की मी कोपऱ्यावर जातो आणि खाकरतो. ते गप्प होतात, माझी वाट बघतात. मी पुढं होत नाही. ते पुन्हा बोलायला लागले की पुन्हा खाकरतो.

परवा एक जण वैतागून म्हणाला, “काय आबा, खोकला झालाय का तुम्हाला?”

“मला न्हाई,” मी म्हटलं आणि वर बोट दाखवलं. “त्याच्या वाटचा खाकरतोय.”